ऋतू नेमका कधी सुरू होतो? पंचांग, हवामान खातं आणि काकांचा मृग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. शेती अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, ती काका बघतात, तुम्ही पुण्यात. २०२५ च्या मेअखेर हवामान खात्यानं मोसमी पाऊस आल्याचं जाहीर केलं, पण काका मृग नक्षत्र लागल्याशिवाय पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, बाहेर काढायला तयार नव्हते, आणि त्यावरून घरात कुरबुर झाली. मग तुम्ही पंचांग उघडलंत, तर तिथे ‘सौर वर्षा ऋतू प्रारंभ’ २१ जूनला. त्याच पंचांगात दुसरीकडे श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा ऋतू, म्हणजे पावसाळा त्याहूनही पुढे. मुलीच्या पुस्तकात पावसाळा जून ते सप्टेंबर. आणि वसंत पंचमी ऐन थंडीत येते, ते वेगळंच. तर ऋतू खरा सुरू कधी होतो आणि यात चुकतंय कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी कृषी हवामान सल्ल्याच्या कामात बरीच वर्षं आहे. शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी जी जिल्हावार पत्रकं निघतात, त्या कामातली मी एक. त्यामुळे हा वाद दर मेअखेर माझ्यापर्यंत येतोच. माझं मत आधीच सांगते. ‘ऋतू सुरू झाला’ हे वाक्य आपण चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतो: सूर्य कुठे आहे, चंद्राचा महिना कोणता चालू आहे, वारा आणि पाऊस काय करतायत, आणि जमीन कामाला तयार आहे का. या चारांची तारीख एक येण्याचं काही कारणच नाही. पण म्हणून सगळेच सारखे बरोबर, असंही मी म्हणणार नाही. यातली काही कोष्टकं आज आपल्या मुलखाला जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे नेमकं सांगता येतं.

सूर्यापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत सरळ आहे. पंचांगातला ‘सौर’ ऋतू म्हणजे सूर्य आयनिकवृत्तावर, ताऱ्यांमधून जाणाऱ्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवर, कुठे आहे यावरून धरलेला ऋतू. वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून, मोजायचं आणि दर ६० अंशांना एक ऋतू. त्यामुळे तारखा दर वर्षी जवळजवळ त्याच येतात: वसंत १८-१९ फेब्रुवारी, ग्रीष्म १९-२० एप्रिल, वर्षा २१ जून, शरद २२-२३ ऑगस्ट, हेमंत २३ ऑक्टोबर, शिशिर २१-२२ डिसेंबर. वर्षा ऋतू दक्षिणायनाबरोबर सुरू होतो आणि शिशिर उत्तरायणाबरोबर. यात ढग, पाऊस, तापमान यांचा काहीही संबंध नाही. आकाशातलं गणित म्हणून ते बिनचूक आहे, आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्राच्या हवेशीही ते बऱ्यापैकी जुळतं. सरासरीनं बघितलं तर २१ जूनच्या सुमारास राज्याच्या बहुतेक भागात पाऊस पोचलेला असतो. ऑगस्टच्या शेवटी उघडीप वाढायला लागते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं.

तुमचे नातेवाईक युरोप-अमेरिकेत असतील तर ते म्हणतील की उन्हाळा २१ जूनला सुरू होतो, किंवा तिथल्या हवामानवाल्यांच्या हिशेबानं १ जूनला. तिथे ते ठीक आहे. जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत मोठा दिवस होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तिथे सर्वांत जास्त उकाडा होतो. आपल्याकडे हे गणित मोडतं. पुण्यात सूर्य मेच्या मध्याला बरोबर डोक्यावर येतो, नागपुरात २६ मेच्या आसपास. पुण्याच्या कमाल तापमानाची सरासरी सर्वांत जास्त असते ती एप्रिलमध्ये. जूनमध्ये ढग येतात, पाऊस पडतो आणि उन्हाळा मधेच कापला जातो. सूर्य सर्वांत उत्तरेला पोचतो तोवर आपला उन्हाळा आटोपलेला असतो. म्हणून युरोपचे चार ऋतू आपल्यावर लावणाऱ्या तक्त्यांकडे मी लक्षच देत नाही. आपल्याकडे हवा फिरवणारी मुख्य गोष्ट वारा आहे, दिवसाची लांबी नाही.

आता चंद्राचे महिने. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण जरा थांबून बघा. वैशाख वणवा म्हणतो आपण, आणि कोष्टक सांगतं की तो वसंत आहे. आषाढी वारी बहुतेक वर्षी पावसात भिजत पंढरपूरला पोचते, आणि कोष्टक सांगतं की तो ग्रीष्म आहे. कोष्टक अनुभवाच्या मागे पडलंय, आणि जवळजवळ एका महिन्यानं.

याची कारणं दोन आहेत. पहिलं कारण साधं आहे. बारा चांद्र महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा ११ दिवस कमी. म्हणून दर वर्षी सण ११ दिवस आधी सरकतात आणि साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ते परत मागे आणावे लागतात. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. पाडव्याला वसंत सुरू होतो असं धरलं, तर वसंत दोन वर्षांत तीन आठवड्यांनी हलला असं म्हणावं लागेल. झाडांना, हवेला यातलं काही माहीत नसतं. तेव्हा चांद्र महिन्यावरून ऋतू सांगणं हे मुळातच अंदाजे सांगणं आहे. शिवाय तुमचं कुणी इंदूरला असेल तर तिथला श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, कारण उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. एकाच पावसात एका घरात श्रावण आणि दुसऱ्या घरात आषाढ.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि मला वाटतं खरी गोम इथे आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय हळू फिरतो. त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांच्या संदर्भात दर वर्षी सुमारे ५० विकला (३६०० विकलांचा एक अंश) मागे सरकतो, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. आपले चांद्र महिने, संक्रांती, नक्षत्रं ही ताऱ्यांना बांधलेली आहेत. ऋतू मात्र संपाताला बांधलेले आहेत. या दोन मोजण्या इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या शेवटी जुळत होत्या असं धरलं, तर आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय. दिवसांत सांगायचं तर चोवीस-पंचवीस दिवस. खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, तो हाच फरक. आणि हे सरकणं थांबलेलं नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकर संक्रांतीला झाला. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती.

म्हणजे ‘चैत्र-वैशाख वसंत’ हे कोष्टक ज्या काळात पक्कं होत होतं, त्या काळात चैत्र आजच्यापेक्षा साडेतीन आठवडे आधी येत होता. तेव्हा ते हवेला जुळत होतं. ज्यांनी ते केलं त्यांनी डोळे उघडे ठेवूनच केलं होतं. आपण ते पाठ करत राहिलो आणि आकाश पुढे गेलं. वेदकाळात ऋतूंच्या महिन्यांना वेगळीच नावं होती: मधु-माधव, शुक्र-शुचि, नभ-नभस्य, इष-ऊर्ज, सह-सहस्य, तप-तपस्य. ती ताऱ्यांवरून नाहीत, ऋतूंवरून आहेत. मला ती पद्धत फार आवडते. ती टिकली असती तर आजचा अर्धा घोळ झाला नसता.

मराठी मुलखात हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, शंकर बाळकृष्ण दीक्षित ही मंडळी पंचांग कसं सुधारावं यावर जोरानं वाद घालत होती. लेले आणि दीक्षित सायन पक्षाचे, म्हणजे संपातापासून मोजावं म्हणणारे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती बसली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. कॅलेंडरवर बारीक अक्षरात ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख असते ती हीच. तिच्यात ऋतू संपातापासून धरले आहेत: वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र, ग्रीष्म वैशाख-ज्येष्ठ, वर्षा आषाढ-श्रावण. बघा, आषाढ पावसात आला. सण मात्र जुन्याच रीतीनं चालू राहिले, आणि श्रद्धेच्या गोष्टी अशा सरकारी आदेशानं बदलत नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण शाळेत ऋतूंचं कोष्टक शिकवताना तरी हे सुधारलेलं शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

वसंत पंचमीबद्दल थोडक्यात. ती माघ शुद्ध पंचमी. कोष्टकाच्या हिशेबानं ती शिशिरात येते, म्हणजे परंपरेलाही तो वसंताचा पहिला दिवस आहे असं म्हणायचं नाही, ती चाहूल आहे. २०२४ मध्ये ती १४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २३ जानेवारीला. फेब्रुवारीत आली की सौर वसंताला अगदी खेटून येते आणि पटते. जानेवारीत आली की थंडीत सापडते. तुमच्या परिसरात काटेसावर आणि पांगारा असतील तर त्यांच्याकडे बघा. कॅलेंडरपेक्षा ते या बाबतीत भरवशाचे.

आता हवामान खातं. इथे लोकांची सर्वांत मोठी गल्लत होते, कारण खातं स्वतःच दोन वेगळ्या अर्थांनी बोलतं आणि दोन्ही आवश्यक आहेत.

एक आहे हिशेबाचा हंगाम. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पूर्वमोसमी किंवा उन्हाळा, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी हंगाम, ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तरमोसमी. मुलीच्या पुस्तकातला पावसाळा हाच. यात पाऊस आला की नाही हा प्रश्नच नाही. १ जूनला सकाळी हंगाम सुरू आणि ३० सप्टेंबरला बंद. या वर्षीच्या पावसाची शंभर वर्षांपूर्वीच्या पावसाशी तुलना करायची तर दोन्ही वेळा मोजायचे दिवस तेच हवेत, म्हणून ही पक्की चौकट. तिचा परिणाम मात्र मजेशीर होतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला, मुंबईच्या नोंदींतला तो सर्वांत लवकरचा. पण ३१ मेपर्यंत जेवढं पडलं ते सगळं पूर्वमोसमी हंगामाच्या खात्यात जमा झालं. त्या वर्षीचा मे देशात १९०१ पासूनचा सर्वांत जास्त पावसाचा मे ठरला. लोक विचारत होते की मोसमी पाऊस आला म्हणता आणि हंगामाचा पाऊस शून्य कसा दाखवता? तो असा.

थंडीचंही तसंच. हिशेबात डिसेंबर उत्तरमोसमी हंगामात बसतो, पण हिवाळ्याचा तापमान अंदाज देताना खातं डिसेंबर ते फेब्रुवारी धरतं. पाऊस मोजायचा आहे की थंडी, यावर ते अवलंबून.

दुसरा अर्थ आहे आगमन. हे घडणारं आहे, ठरवलेलं नाही. केरळातल्या आगमनासाठी खात्याच्या कसोट्या आहेत. १० मेनंतर, ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस हवा. त्याबरोबर अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगानं वाहत असले पाहिजेत, आणि ढगांचं आवरण इतकं दाट हवं की पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता दर चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली यावी. पाऊस, वारा, ढग तिन्ही जुळले तरच घोषणा. म्हणून नुसता वळीव कोसळला तर त्याला मोसमी पाऊस म्हणत नाहीत, तो कितीही जोरात पडला तरी. केरळची सरासरी तारीख १ जून, आणि त्यात आठवडाभर मागेपुढे होणं अगदी नेहमीचं. मुंबईची सरासरी ११ जून. पण २०२३ मध्ये मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे तो एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. सरासरी म्हणजे वचन नव्हे.

या सरासरी तारखाही कायमच्या नसतात. २०२० मध्ये खात्यानं त्या नव्यानं काढल्या, कारण जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवरून आलेल्या होत्या. आगमनात फार फरक पडला नाही, मुंबईत एका दिवसाचा. परतीत मात्र पडला. मुंबईतून पाऊस जायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली, आणि पश्चिम राजस्थानातून परत फिरायची १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर. पावसाळा सुरू कधी होतो यावर सगळे भांडतात, संपतो कधी यावर कुणी बोलत नाही. माझ्या कामात दुसरा प्रश्न जास्त पैसे बुडवतो. काढलेलं सोयाबीन ऑक्टोबरात भिजतं तेव्हा कळतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पंचांगातला २१ जून सूर्याचा आहे आणि तो बरोबर आहे. श्रावण-भाद्रपदाचं कोष्टक जुन्या आकाशाचं आहे, ते आता मागे पडलंय. जून ते सप्टेंबर हा हिशेबाचा हंगाम आहे. आणि २६ मे ही वाऱ्या-पावसाची घटना होती. चौघंही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

राहिला काकांचा मृग. शहरातली शिकलेली माणसं याला जुनाट समजतात, ते मला पटत नाही. शेतकऱ्याचं नक्षत्र म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असण्याचे तेरा-चौदा दिवस. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, असं करत हस्त २६-२७ सप्टेंबर आणि स्वाती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. ही सूर्याचीच दिनदर्शिका आहे. अधिक महिन्याचा गोंधळ तिच्यात नाही, आणि महिन्याऐवजी पंधरवड्याच्या तुकड्यांनी मोजते, म्हणजे जास्त बारीक आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस ही नावं उगाच पडली नाहीत. पारनेरच्या सरासरी आगमनाला मृग बरोबर जुळतो. विदर्भात रोहिणीच्या पहिल्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात, आणि तिथे तेव्हा खरंच भाजून निघतं. कोकणात आणि मावळात रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या जमिनीतच, भात टाकतात. पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणं आहेत ती.

पण त्याच्या दोन मर्यादा काकांना सांगाव्यात असं मला वाटतं. एक, नक्षत्रंही ताऱ्यांना बांधलेली, म्हणून तीही सरकतायत. पाचशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा सातेक दिवस आधी लागत होता. त्या काळातल्या म्हणी आजच्या तारखांना जशाच्या तशा लावता येत नाहीत. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागणार. या वर्षीचा पाऊस कसा आहे हे त्याला माहीत नसतं. ते सरासरी सांगतं. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, त्यावरून, म्हणजे बेडूक की कोल्हा यावरून, पावसाचा अंदाज बांधू नये. ते वाहन गणिताच्या नियमानं ठरतं, हवेवरून नाही.

मग २०२५ मध्ये काका बरोबर होते का? थांबण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता, कारण वेगळं असलं तरी. त्या वर्षी मेच्या शेवटच्या दिवसांत मोसमी पावसाची उत्तर सीमा, म्हणजे तो जिथवर पोचला ती रेषा, मुंबई, अहिल्यानगर अशी आली आणि जूनच्या मध्यापर्यंत जवळपास हललीच नाही. तुमचा तालुका त्या रेषेच्या अगदी काठावर. मेच्या पावसावर पेरलेलं बी उगवून, मधल्या उन्हात कोमेजून, दुबार पेरणीची पाळी येण्याचा धोका खरा होता. त्या दिवसांत आम्हीही घाई करू नका असंच सांगत होतो.

आमच्या कामात पेरणीचा हंगाम सुरू व्हायची खूण वेगळी आहे. किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस, तोही एका रात्रीत धो-धो नव्हे, आणि त्यानंतर वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल. मूठभर माती दाबून गोळा करा, कंबरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरला तर वापसा आहे. नुसता चपटा झाला तर ओल जास्त आहे, मुठीत गोळाच होत नसेल तर ओल कमी आहे. त्याच्या जोडीला पुढच्या आठवडाभराचा अंदाज बघायचा. पावसात मोठा खंड दिसत असेल तर जमीन तयार असूनही थांबायचं.

यात बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. पारनेरमध्येच मुरमाड माळ आणि काळी जमीन जवळजवळ सापडतात. माळावर ओल दोन-चार दिवसांत उडते, काळीत टिकते पण वापसा यायला वेळ लागतो. विहिरीचं पाणी हाताशी असेल तर एक संरक्षक पाणी देऊन खंड काढता येतो, मग थोडं धाडस करायला हरकत नाही. पीकही बघावं लागतं. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर टाकण्यात अर्थ नाही, बाजरीला त्याहून सवड आहे. आणि खरीप साधलं नाही तरी जमीन राखून ठेवली तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे त्या भागात रब्बीसाठी आजही खरं ठरतं. म्हणजे एकाच गावात, एकाच पावसावर, दोन बांधांवर हंगाम दोन वेगळ्या दिवशी सुरू होऊ शकतो, आणि दोन्ही शेतकरी बरोबर असतात.

शेती सोडूनही हेच दिसतं. डाळिंबवाल्याचा हंगाम तो बहार धरतो, म्हणजे झाडाला ठरवून फुलोऱ्यावर आणतो, तेव्हा सुरू होतो. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार यातला कोणता धरायचा ते बाजार आणि पाणी बघून तो ठरवतो. कोळी बांधवांचा हंगाम परंपरेनं नारळी पौर्णिमेला उघडतो, सरकारी मासेमारीबंदी मात्र १ जून ते ३१ जुलै. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीला गेली, म्हणजे कायद्याची आणि रूढीची सुरुवात चार आठवड्यांनी लांब पडली. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, कारण तिथे जूनच्या मध्याला उन्हाळा संपलेला नसतो. यांतल्या कुणालाच ऋतूची एक सर्वमान्य तारीख लागत नाही. प्रत्येकाला आपापल्या कामाची तारीख लागते.

आयुर्वेदात यावर एक फार समंजस तोड आहे. एका ऋतूचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात दिवस, असा पंधरवडा ऋतुसंधी मानतात. त्या दिवसांत जुनी पथ्यं हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. ऋतू एका रात्रीत बदलत नाही हे गृहीत धरूनच नियम केलाय. मला कुणी एकच उत्तर मागितलं तर मी तारीख देत नाही, असा पंधरवडा देते. पारनेरसाठी पावसाळ्याची संधी ५ ते २० जून, थंडीची साधारण २५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, उन्हाळ्याची फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला. हा माझा अंदाज आहे, कामातून बसलेला. एखादं वर्ष याच्याही बाहेर जातं, २०२५ गेलंच.

मुलीनं परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं, जून ते सप्टेंबर. पण घरी तिला कॅलेंडरवरची भारतीय सौर तारीख दाखवा आणि उत्तरायण २२ डिसेंबरला का, संक्रांत जानेवारीत का, हे समजावून द्या. डिसेंबरभर भिंतीवरची सावली रोज दुपारी एकाच वेळी खडूनं आखायला लावली तर तिला स्वतःलाच दिसेल.

काकांकडे पर्जन्यमापक नसेल तर तो आधी घ्या, साधा प्लास्टिकचाही चालतो. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी लावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा, कारण खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. शेजारी त्या दिवशी चालू असलेलं नक्षत्रही लिहू द्या, काकांना ते आवडेल आणि दोन-चार वर्षांनी त्यांच्याच शेताचा मृग खरा किती पडतो ते आकड्यांत कळेल. पुढच्या जूनमध्ये ते आकडे, जमिनीचा प्रकार आणि विहिरीला किती पाणी आहे एवढं कळवलंत, तर मूग घ्यायचा की थेट बाजरीवर जायचं, हे मला जास्त नेमकं सांगता येईल.